अनइन्स्टॉल केल्यानंतर काय उरते

पीडीएफ फाइली जोडून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी काही महिन्यांपूर्वी संगणकावर घेतला, दोनदा वापरला आणि काढून टाकला. येताना त्याने बरोबर दोन सोबती आणले होते. त्यांपैकी एक ब्राउझरमध्ये ठाण मांडून बसणारी शोधपट्टी होती आणि दुसरी ‘तुमचे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जुने झाले आहेत’ असे रोज बजावणारी खिडकी. तिघांनाही मी विंडोजच्या यादीतून रीतसर अनइन्स्टॉल केले, तिघांनीही यशस्वीरीत्या गेल्याचा संदेश दाखवला, आणि तरीही पुढचे दोन आठवडे दर तासाला पडद्यावर एक काळी खिडकी निमिषभर उघडून मिटत राहिली. आत काय लिहिले आहे ते वाचण्याइतका वेळ ती कधीच देत नसे. तिचा माग काढताना जे समजले आणि त्याआधी स्वतःच्या चुकांमधून जे शिकलो होतो, ते एका जागी लिहून ठेवत आहे. बहुतेक मजकूर विंडोज १० आणि ११ यांच्याविषयी आहे, कारण माझा अनुभव मुख्यतः तिथला आहे.

पूर्वी ‘पूर्णपणे काढणे’ याचा अर्थ मी असा घेत असे की त्या प्रोग्रॅमच्या नावाची एकही फाइल, एकही फोल्डर, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम यांच्या सेटिंगच्या मध्यवर्ती साठ्यातली, एकही नोंद मागे राहता कामा नये. त्या हट्टापायी मी कित्येक संध्याकाळी वाया घालवल्या आहेत आणि एकदा तर चांगला चालणारा संगणक बिघडवूनही ठेवला आहे. आता मी उरलेल्या गोष्टींचे दोन भाग करतो. काही अवशेष निपचित पडून असतात. सेटिंगची एखादी फाइल, रिकामे फोल्डर, रजिस्ट्रीतल्या चार ओळी, ज्यांना कोणी हाक मारत नाही आणि ज्या स्वतःहून काही करत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे अवशेष जागे असतात, म्हणजे ते संगणक सुरू होताना आपोआप चालू होतात, ठरलेल्या वेळी उठतात, किंवा इतर प्रोग्रॅमच्या वाटेत उभे राहून येणारी-जाणारी माहिती चाळतात. पहिल्या प्रकाराने थोडी जागा अडते, पण त्रास खरा दुसऱ्या प्रकाराचा होतो, आणि बहुतेक जण नेमकी पहिल्याचीच साफसफाई करण्यात शक्ती खर्च करतात.

मुळात अवशेष राहतातच का, हे समजून घेण्यासाठी विंडोजची ती यादी कशी बनते ते पाहावे लागते. विंडोज ३.१ च्या काळात प्रोग्रॅम काढण्याची एकच अशी ठरलेली पद्धत नव्हती. प्रोग्रॅम आपल्या काही फाइली स्वतःच्या फोल्डरमध्ये, काही विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकत, काही ओळी विंडोजच्या सामाईक सेटिंग फाइलींमध्ये लिहीत, आणि काढताना त्या सगळ्या हाताने शोधाव्या लागत. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम घालण्या-काढण्याची यादी आली आणि ती सोय मोठी होती यात शंका नाही, परंतु त्या यादीविषयी एक गैरसमज आजही टिकून आहे. आपल्याला वाटते की विंडोजला त्या प्रोग्रॅमची खडान्‌खडा माहिती आहे आणि बटण दाबताच विंडोज तो उचलून बाहेर ठेवते. प्रत्यक्षात रजिस्ट्रीमध्ये ‘अनइन्स्टॉल’ नावाची एक शाखा आहे आणि प्रत्येक प्रोग्रॅम येताना स्वतःच तिथे आपले नाव, आवृत्ती आणि ‘मला काढायचे असेल तर ही आज्ञा चालवा’ अशी एक ओळ लिहून ठेवतो. आपण बटण दाबतो तेव्हा बहुतेक वेळा विंडोज फक्त ती ओळ वाचून चालवते. काय काढायचे आणि काय ठेवायचे हे ठरवणारा तोच असतो ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला.

हा लेखक प्रामाणिक असला तरी त्याच्या साधनालाही मर्यादा असते. इनो सेटअप या लोकप्रिय साधनाने बनवलेले प्रोग्रॅम आपल्या फोल्डरमध्ये ‘अनइन्स’ अशा नावाच्या दोन फाइली ठेवतात. त्यांतली एक काढण्याचे काम करते आणि दुसरी म्हणजे इन्स्टॉल करताना कुठे काय ठेवले याची नोंदवही असते. काढताना ही नोंदवही मागून पुढे वाचली जाते आणि ठेवलेले एकेक उचलले जाते. मात्र इन्स्टॉल झाल्यानंतर, प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर, प्रोग्रॅमने जे जे निर्माण केले त्याचा उल्लेख त्या वहीत आपोआप होत नाही. कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या प्रती), लॉग (कामाच्या नोंदी), वापरकर्त्याच्या सेटिंग, नंतर आलेल्या अपडेटच्या फाइली, पहिल्यांदा चालताना स्वतःसाठी लावून घेतलेली वेळापत्रके, हे सगळे लेखकाने मुद्दाम आठवणीने काढायला सांगितले नसेल तर मागे राहते. बहुतेक अवशेषांमागे दुष्ट हेतू नसतो, विसराळूपणा असतो. सेटिंग तर अनेक जण जाणूनबुजून ठेवतात, कारण तोच प्रोग्रॅम पुन्हा घेणाऱ्याला जुनी मांडणी परत मिळावी अशी त्यांची इच्छा असते.

१९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आलेली विंडोज इन्स्टॉलर ही व्यवस्था याहून अधिक शिस्तीची आहे. तिच्यात कोणत्या भागाची कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब विंडोज स्वतः ठेवते आणि त्यासाठी विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपवलेले फोल्डर असते. ते फोल्डर कधी कधी बरेच गुबगुबीत होते, आणि जागा मोकळी करण्याच्या उत्साहात काही जण ते रिकामे करून टाकतात. त्यानंतर ते प्रोग्रॅम नीट अपडेटही होत नाहीत, दुरुस्तही होत नाहीत आणि काढताही येत नाहीत. त्या फोल्डरला हात न लावणे हेच बरे.

माझी स्वतःची पहिली मोठी चूक याच जातीची होती. मी एका ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमचे फोल्डरच आधी डिलीट केले आणि मग यादीत जाऊन अनइन्स्टॉल दाबले. काढणारी फाइल त्याच फोल्डरमध्ये होती, ती माझ्याच हाताने कचऱ्यात गेलेली होती, त्यामुळे विंडोज ‘फाइल सापडत नाही’ असे सांगून थांबले, यादीतली नोंद तशीच राहिली आणि त्या प्रोग्रॅमची पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिसही तशीच राहिली. यावरचा उपाय तेव्हा मला विचित्र वाटला होता, पण आजही सर्वांत भरवशाचा तोच आहे, तो म्हणजे त्याच प्रोग्रॅमची तीच आवृत्ती पुन्हा इन्स्टॉल करणे आणि मग योग्य मार्गाने काढणे. ते शक्य नसेल तर मायक्रोसॉफ्टचे इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या अडचणी सोडवणारे एक छोटे साधन मिळते, जे अडकलेल्या नोंदी साफ करते. त्याआधी मायक्रोसॉफ्टचेच ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ नावाचे एक साधन होते. ते कधी कधी इतर प्रोग्रॅमचे भागही बिघडवत असल्यामुळे २०१० मध्ये मागे घेण्यात आले. खुद्द विंडोज बनवणाऱ्यांना हे काम इतके अवघड जावे, यावरून आपण किती हात आखडता ठेवायला हवा ते कळते.

काढण्यापूर्वीची तयारी थोडीच आहे, पण ती वगळली की पस्तावायची वेळ येते. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आपले काही काम साठवलेले नाही ना हे पाहावे. टाचणे, पासवर्ड, ईमेल किंवा हिशेब सांभाळणारे प्रोग्रॅम आपला डेटा अशा आडबाजूला ठेवतात की तो अवशेष समजून आपणच उडवून बसतो. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचा परवाना ठरावीक संगणकांपुरता असेल तर प्रोग्रॅम जिवंत असतानाच आतून साइन आउट करून तो परवाना मोकळा करावा, कारण नंतर तेवढ्यासाठी ग्राहकसेवेशी पत्रव्यवहार करावा लागतो. सिस्टिम रिस्टोअरचा बिंदू, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोजला परत जिथे नेता येईल अशी खूण, तयार करावा, आणि तो तयार करण्याआधी ती सुविधा चालू आहे की नाही हे बघावे, कारण अनेक संगणकांवर ती बंदच असते. घड्याळाशेजारच्या छोट्या चित्रांमध्ये तो प्रोग्रॅम दिसत असेल तर त्यावर उजवे क्लिक करून त्याला पूर्ण बंद करावे.

मग त्याचे स्वतःचे अनइन्स्टॉल चालवावे, आणि ते चालवताना पडद्यावरचे प्रत्येक वाक्य वाचावे. नको असलेल्या प्रोग्रॅमची एक जुनी खोड अशी की ‘ठेवा’ हे बटण मोठे आणि रंगीत असते, ‘काढा’ हे शब्द फिकट करड्या अक्षरांत कोपऱ्यात असतात, आणि मध्येच एखादा प्रश्न असा उलट वळणाने विचारलेला असतो की सवयीने ‘होय’ दाबणारा माणूस तो प्रोग्रॅम परत स्वीकारतो. सेटिंग आणि वैयक्तिक माहितीही काढायची का, असा चौकोन दिसला तर तो इथेच निवडावा. पुढचे निम्मे काम वाचते.

यानंतर संगणक रीस्टार्ट करण्याचा सल्ला कंटाळवाणा वाटला तरी त्यामागे ठोस कारण आहे. एखादी फाइल वापरात असताना विंडोज ती सहसा काढू देत नाही. उदाहरणार्थ, उजव्या क्लिकच्या यादीत आपली ओळ घुसवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल खुद्द विंडोज एक्सप्लोररने उघडून धरलेली असते. अशा फाइलींची नावे रजिस्ट्रीतल्या एका प्रलंबित यादीत लिहिली जातात आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना, इतर काहीही उठण्यापूर्वी, त्या काढल्या जातात. इथे ‘रीस्टार्ट’च निवडावे, ‘शट डाउन’ नव्हे. विंडोज ८ पासून असलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता झोपवून ठेवला जातो, आणि पुन्हा चालू केल्यावर तो होता तिथूनच उठतो.

रीस्टार्टनंतर जागे अवशेष शोधायचे. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग, पण तिथे दिसते ते आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींपैकी थोडेसेच. सर्व्हिसेसची यादी वेगळी असते, ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरची वेगळी, ब्राउझरची आणखी वेगळी. या सगळ्या जागा एका खिडकीत दाखवणारे ऑटोरन्स हे साधन मी गेली अनेक वर्षे वापरतो आणि या विषयात एकाच साधनाचे नाव घ्यायचे झाले तर मी त्याचेच घेईन. ते सिसइंटर्नल्स या संचातले आहे. हा संच मार्क रसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुरू केला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. ऑटोरन्स उघडल्यावर शेकडो ओळी पाहून घाबरायला होते, म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा. पिवळ्या रंगाच्या ओळी म्हणजे ज्यांची फाइल आता जागेवर नाही अशा नोंदी, गुलाबी ओळी म्हणजे ज्यांच्या प्रकाशकाची खात्री पटत नाही अशा. गुलाबी म्हणजे वाईटच असे नाही. एकट्या माणसाने लिहिलेले कितीतरी सज्जन प्रोग्रॅम डिजिटल सही, म्हणजे प्रकाशकाची ओळख पटवणारी खूण, नसल्यामुळे तिथे गुलाबी दिसतात. ओळ डिलीट करण्याऐवजी तिच्यापुढची खूण काढून टाकावी, आठवडाभर संगणक वापरावा आणि काही अडले नाही तरच ती कायमची काढावी.

माझी काळी खिडकी टास्क शेड्यूलरमध्ये सापडली. ‘अपडेट’ आणि ‘हेल्पर’ असे दोन निरुपद्रवी शब्द जोडून तयार केलेल्या नावाचे एक काम तिथे होते, ते दर तासाला उठत होते आणि चालवायचा प्रोग्रॅम म्हणून त्यात विंडोजचाच कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा चालवण्याची काळी खिडकी) लिहिलेला होता, त्यामुळे पहिल्या दोन वेळा माझी नजर त्यावरून घसरली. खरी गोम कमांड प्रॉम्प्टच्या पुढे दिलेल्या पत्त्यात होती. तो पत्ता माझ्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या, म्हणजे प्रोग्रॅम वापरकर्त्याचा डेटा ठेवतात त्या लपवलेल्या जागेतल्या, एका छोट्या स्क्रिप्टचा (आज्ञांच्या फाइलीचा) होता आणि ती स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्यावर दिसले की ड्रायव्हरवाला सोबती संगणकावर आहे की नाही ते तपासणे आणि नसल्यास पुन्हा उतरवून घेणे एवढेच तिचे काम होते. हे वेळापत्रक इन्स्टॉल करताना बनलेले नसावे, सोबत्याने पहिल्यांदा चालताना लावून घेतलेले असावे, कारण त्याची तारीख इन्स्टॉलच्या दुसऱ्या दिवशीची होती. नोंदवहीत जे नाही ते निघत नाही, आणि इथे तर ते न निघण्यातच कोणाचा तरी फायदा होता.

ब्राउझर हा वेगळाच प्रांत आहे. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली जादा सोय, काढण्याचे बटणच दिसत नसेल आणि घरच्या संगणकावर ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, कंपन्यांसाठी असलेल्या धोरणांच्या शाखेत, ते एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याची नोंद केलेली असते. ती नोंद काढल्याशिवाय एक्स्टेन्शन जात नाही. अँटिव्हायरससारखे प्रोग्रॅमही कधी कधी अशी धोरणे लावतात, म्हणून आधी ब्राउझरच्या धोरणांच्या पानावर कोणते धोरण आहे ते वाचून घ्यावे. कधी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटलाच शेपूट जोडलेले असते. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलच्या नावानंतर एखादा संकेतस्थळाचा पत्ता दिसला तर मुखपृष्ठ दर वेळी का बदलते याचे उत्तर मिळते. आणि कोपऱ्यात उगवणाऱ्या ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ छापाच्या सूचना तर पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या नसतातच. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला आपण सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. ती परवानगी काढून घेतली की सुंठीवाचून खोकला जातो.

याहून खोलवरचे अवशेष नेटवर्कच्या वाटेत बसलेले असतात, आणि प्रोग्रॅम गेल्यावर त्यांचा त्रास उलट वाढतो. प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटची रहदारी ज्याच्यामार्फत वळवली जाते त्या मध्यस्थाची, सेटिंग तशीच राहिली आणि प्रॉक्सी चालवणारा प्रोग्रॅम गेला, तर इंटरनेटच बंद पडते आणि माणसाला वाटते की आपण काहीतरी मोडले. सर्वांत अदृश्य अवशेष म्हणजे मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या आधारे एखादे संकेतस्थळ खरे आहे की नाही हे संगणक ठरवतो. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच येणाऱ्या सुपरफिश या प्रोग्रॅमचे प्रकरण उघडकीस आले. पानांमध्ये जाहिराती घुसवण्यासाठी त्याने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते, ज्याच्या जोरावर तो सुरक्षित जोडणीतली पानेही मध्येच उघडू शकत असे. भर म्हणजे सगळ्या लॅपटॉपवर त्याची खाजगी किल्ली एकच होती, म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल त्याला या लॅपटॉपांपुढे कोणत्याही बँकेचे सोंग घेता आले असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की सुपरफिश अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रॅम जात होता, प्रमाणपत्र मात्र जागेवरच राहत होते. ते काढण्यासाठी वेगळे साधन द्यावे लागले. जाहिराती घुसवणारा किंवा सगळी रहदारी गाळून घेणारा कोणताही प्रोग्रॅम काढल्यानंतर मी प्रमाणपत्रांची ती यादी एकदा उघडून पाहतो.

ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र मी हाताने काही काढायला जात नाही, आणि त्याचे कारण २००५ सालच्या एका प्रसंगात आहे. सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात घातल्यावर नक्कल रोखणारे एक सॉफ्टवेअर बसत असे आणि ते स्वतःला विंडोजपासून लपवून ठेवत असे. वर उल्लेख आलेल्या रसिनोविच यांनी त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ते जाहीर केले. त्यांनी त्याच्या फाइली आणि नोंदी हाताने काढल्या तेव्हा सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला, कारण ते सॉफ्टवेअर ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये साखळीतल्या कडीसारखे बसले होते. कडी काढली, पण साखळीच्या वर्णनात तिचे नाव राहिले, आणि विंडोज नसलेल्या कडीची वाट पाहत बसले. नंतर कंपनीने काढण्याचे जे साधन दिले त्यानेही ब्राउझरमध्ये अशी फट ठेवली की कोणतेही संकेतस्थळ तिच्यातून आत शिरू शकले असते. आगीतून फुफाट्यात, दुसरे काय.

आजचे अँटिव्हायरस, व्हीपीएन आणि बॅकअपचे काही प्रोग्रॅमही अशाच कड्या जोडतात, मात्र योग्य कारणासाठी. म्हणून ते काढताना आधी नेहमीचे अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट, आणि तरी काही उरले तर त्याच कंपनीने दिलेले खास काढण्याचे साधन वापरावे. बहुतेक मोठ्या अँटिव्हायरस कंपन्या असे साधन स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. एक अँटिव्हायरस पुरता गेल्याशिवाय दुसरा बसवू नये.

निपचित अवशेषांसाठी फारसे शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. ते प्रोग्रॅम फाइल्सच्या दोन फोल्डरांत, लपवलेल्या प्रोग्रॅमडेटामध्ये आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटातल्या रोमिंग, लोकल आणि लोकललो या तीन कप्प्यांत सापडतात. डिलीट करण्यापूर्वी मी फोल्डरचे नाव बदलून ठेवतो आणि काही आठवडे थांबतो. कोणी तक्रार केली नाही तर ते जाते. यादीत वेगवेगळ्या वर्षांची नावे घेऊन ओळीने बसलेले व्हिज्युअल सी प्लस प्लसचे संच पाहून ते जुने, दुहेरी, निरुपयोगी असल्याचा भास होतो, पण इतर प्रोग्रॅम त्यांच्यावर उभे असतात. मी बिघडवलेल्या संगणकाची कहाणी एवढीच आहे की मी ते ‘अवशेष’ समजून काढले, आणि दुसऱ्या दिवशी तीन प्रोग्रॅम उघडेनासे झाले.

रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांविषयी माझे मत फार कडक आहे. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यांतल्या चारशे अनाथ नोंदी काढल्याने संगणक वेगवान होण्याचे काही कारण नाही, आणि चुकून एक कामाची नोंद गेली तर संपूर्ण दिवस जातो. मायक्रोसॉफ्टही अशा साधनांच्या वापराला पाठिंबा देत नाही. शिवाय साफसफाईसाठी आणलेले साधनच घाण घेऊन येऊ शकते. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत कोणीतरी वाटेतच घातक कोड मिसळला होता आणि ती आवृत्ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली होती. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तेव्हा अनेकांची अवस्था झाली असेल. रेव्हो किंवा बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर यांसारखी साधने याहून बरी, कारण ती एका विशिष्ट प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या गोष्टी दाखवतात आणि निर्णय आपल्यावर सोपवतात. तिथेही ‘सगळे निवडा’ हे बटण मी टाळतो. नावाच्या साम्यावरून अंदाज बांधणारे साधन एकाच कंपनीच्या दोन प्रोग्रॅमांत गल्लत करू शकते.

संगणकाबरोबर आलेली स्टोअरची अ‍ॅप्स हा प्रकार थोडा निराळा आहे. आपण काढलेले अ‍ॅप फक्त आपल्या खात्यातून जाते. विंडोजने त्याची प्रत नव्या खात्यांसाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे संगणकावर नवे खाते उघडले की ते तिथे हजर होते. ती राखीव प्रतही पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनामधून काढता येते.

मॅकवर अ‍ॅप उचलून कचरापेटीत टाकले की काम झाले असे मानले जाते, आणि साध्या अ‍ॅपसाठी ते बरेचसे खरेही आहे. सेटिंग आणि कॅश लायब्ररी फोल्डरमध्ये राहतात, पण ते निपचित असतात. शोधायचेच असेल तर तिथले लाँच एजंट्स आणि लाँच डीमन्स हे दोन फोल्डर पाहावेत, कारण मॅकवरचे जागे अवशेष तिथून उठतात. लिनक्सच्या डेबियन घराण्यात ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ असे दोन वेगळे शब्दच आहेत. पहिल्याने प्रोग्रॅम जातो आणि सिस्टिमपातळीवरची सेटिंग राहते, दुसऱ्याने तीही जाते, आणि फक्त सेटिंग उरलेल्या पॅकेजपुढे यादीत तशी खूणही दिसते. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फाइलींना मात्र पर्जही हात लावत नाही.

काही वेळा यातले काहीच पुरत नाही. प्रोग्रॅम काढला की परत येतो, अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो, टास्क मॅनेजर उघडत नाही. मग ते नको असलेले सॉफ्टवेअर राहिलेले नसते, घुसखोर असतो. अशा वेळी विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करून पाहावी, कारण ती विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच्या वातावरणात चालते आणि घुसखोराला तिच्या वाटेत यायला संधी मिळत नाही. सेफ मोडचा, म्हणजे फक्त आवश्यक भागांसह विंडोज सुरू करण्याचा, सल्ला सर्रास दिला जातो, पण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस मुळात चालत नाही, त्यामुळे पुष्कळसे प्रोग्रॅम सेफ मोडमधून रीतसर काढताच येत नाहीत. आणि प्रशासकाचे अधिकार मिळालेल्या एखाद्या गोष्टीने आत काय काय केले हे सांगता येत नसेल, तर मी अवशेष शोधत बसत नाही. आपल्या फाइलींचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने बसवतो आणि पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलतो.

त्या पीडीएफवाल्या त्रिकुटाबाबत तशी वेळ आली नाही. मी टास्क शेड्यूलरमधले ते काम आधी निष्क्रिय केले, दिवसभर काळी खिडकी आली नाही हे पाहिले, मग काम आणि ती स्क्रिप्ट दोन्ही काढली, ब्राउझरचा शॉर्टकट नव्याने बनवला आणि प्रमाणपत्रांची यादी तपासली. काल सहज अ‍ॅपडेटा उघडले तेव्हा त्या प्रोग्रॅमच्या नावाचे एक रिकामे फोल्डर अजून तिथे दिसले. ते मी तसेच राहू दिले आहे.